कोंडवाड्यात न मावलेलं विमान

कागद उर्दूत होता आणि मला मिळू घातलेल्या नोकरीला त्यात ‘हवाबाज’, म्हणजे वैमानिक, असा शब्द होता. वडील, म्हणजे आप्पा, जेवत होते. मी तो शब्द वाचला तसा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“दगाबाज, धोकेबाज, चालबाज,” ते म्हणाले. “बाज लागलेला एक तरी शब्द चांगला हाय का? आन् आता हवाबाज! सात पिढ्यांत आपल्या घरात कुनी बाज निघाला न्हाई.”

महायुद्ध चालू होतं. निजामाच्या राज्यात आमच्यापर्यंत ते पोचायचं म्हणजे रॉकेल मिळेनासं व्हायचं, एवढंच. आमचं गाव सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीच्या बाजूला. आप्पांची शेती होती, शिवाय सोनपेठच्या आठवडी बाजारात ते सरकी आणि ज्वारीचा व्यापार करायचे. मी परभणीला उर्दूतून मॅट्रिक झालो होतो, पुढं औरंगाबादेला दोन वर्षं कॉलेजात काढली होती, आणि मी वकील व्हावं, निदान दुकानात बसावं, अशी आप्पांची इच्छा होती. तेवढ्यात लढाईसाठी विमानं चालवणारे तरुण हवेत, असं कॉलेजात एक साहेब येऊन सांगून गेला. त्याच्या कोटावर छातीशी पंखांचं चिन्ह शिवलेलं होतं. मी अर्ज करून मोकळा झालो. विमान तोवर मी एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून, आणि पहिल्यांदा ती घार आहे असं वाटलं होतं.

घरात माझ्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला. मामा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांनी सांधेवाला म्हणून नोकरी केली होती, म्हणजे येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते रूळ बदलणं हे त्यांचं काम. नोकरी संपल्यावर ते आमच्याकडे राहायला आले ते राहिलेच. रेल्वेचा निळा कोट ते उन्हाळ्यातही काढत नसत, आणि जगात चाकं असलेली, वाफ सोडणारी किंवा आवाज करणारी जी काही वस्तू असेल तिच्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती.

“भावजी, तुमाला कळायचं न्हाई त्यातलं,” ते आप्पांना म्हणाले. “विमान म्हंजे बिनरुळाची गाडी. रूळच न्हाईत तर घसरन कुठून? रेल्वेपेक्षा लाख पटीनं बिनघोर.”

आप्पा हात धुवायला उठले आणि तेवढ्या वेळात माझं जायचं ठरून गेलं.

आईचा विरोध वेगळ्याच मुद्द्यावर होता. “वर जेवायला कोन देतंय?” तिनं विचारलं. वर कुणी जेवत नाही, खाली येऊन जेवतात, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. पण तिनं दशम्या करायला घेतल्या, म्हणजे तीही वळली होती.

निवडीच्या वेळी खुर्चीत बसवून गरगर फिरवतात आणि चक्कर आली की घरी पाठवतात, असं मला कॉलेजातल्या एकानं सांगितलं होतं. ही गोष्ट मी मामांना सांगितली, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावातल्या तेल्याच्या घाण्यावर नेऊन बसवलं. घाण्याच्या आडव्या लाकडावर वजन म्हणून एरवी दगड ठेवलेला असायचा. तो काढून तिथं मी बसलो. बैल फिरू लागला. बैल अर्थातच आपल्या गतीनं फिरत होता, त्या गतीत चक्कर येण्यासारखं काही नव्हतं. मामांना ते कमी वाटलं. त्यांनी बैलाचं शेपूट पिरगाळलं.

तेल्यानं नंतर आप्पांना येऊन सांगितलं, की त्या दिवशीचं करडईचं तेल फार चांगलं निघालं, पण तुमचा मुलगा अजून कडब्याच्या ढिगावर आडवा पडलाय आणि खांबावरचा हात सोडायला तयार नाही. तरी मामांनी मला रोज नेलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला खरंच काही होईनासं झालं. मात्र अंगाला करडईच्या पेंडीचा असा वास बसला, की हैदराबादेला निवडीच्या दिवशी डॉक्टरनं माझ्याजवळ येऊन दोनदा नाक वर केलं.

खुर्चीतून मी उतरलो तो सरळ चालत गेलो. डॉक्टर म्हणाला, “तू आधी जहाजावर होतास का?”

मी म्हणालो, “नाही, घाण्यावर.”

माझं इंग्रजी बेताचं असल्यामुळं ते मी कसं सांगितलं कोण जाणे, पण त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला पुढं पाठवलं. पुढं तीन साहेब बसले होते. विमान का चालवायचंय, असं त्यांनी विचारलं. बाकीच्या मुलांनी राजा, देश, शौर्य असं बरंच सांगितलं होतं म्हणे. मी खरं तेच सांगितलं. परभणीहून आमच्या गावी जायचं म्हणजे आधी रेल्वे, मग बैलगाडी, मग चिखल, आणि एक अख्खा दिवस. यापेक्षा वरून बरं पडेल. मधला साहेब इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. मी निवडला गेलो.

विमान चालवायला शिकवायचं केंद्र हैदराबाद शहराच्या कडेला होतं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक असे दुमजली पंख, आणि एकापाठी एक अशा दोन उघड्या बैठका: आमचं शिकायचं विमान असं होतं. पुढच्या बैठकीत मास्तर, मागच्या बैठकीत मी. दोघांच्या मध्ये एक रबरी नळी, तिच्यातून बोलायचं. मास्तर इंग्रज होते. पहिल्या लढाईत ते लढले होते, त्यांच्या मिशा तांबड्या होत्या, आणि आपला शिष्य आपल्याला एक दिवस मारणार आहे, असा त्यांचा पक्का समज होता.

त्या नळीतून येणारं इंग्रजी ऐकणं म्हणजे आडात पडलेल्या माणसाचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. मी सगळ्यालाच ‘येस सर’ म्हणायचो. एके सकाळी मास्तर काहीतरी बोलले, मी ‘येस सर’ म्हणालो आणि विमान फार छान चालायला लागलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, हळूहळू वर, हळूहळू खाली. मी हात मांडीवर ठेवून मास्तरांचं कौशल्य बघत बसलो. काय हलका हात आहे माणसाचा, असं मनाशी म्हणतही होतो. खाली उतरायची वेळ झाली आणि जमीन बरीच जवळ आली, तेव्हा मास्तरांनी मान वळवली. माझे दोन्ही हात मांडीवर. त्यांचे दोन्ही हात वर, वाऱ्यात, टोपी सारखी करत. एक क्षण आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी एकदमच आपापल्या बैठकीतला, विमान चालवायचा दांडा धरला.

खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, “मी तुला काय सांगितलं होतं?”

“येस सर,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी नियम केला. दांडा माझ्याकडे दिला की मी मोठ्यानं ओरडून सांगायचं, आणि तेही हिंदुस्थानीत. मग आमचं विमान आकाशात ‘मेरे पास है! मेरे पास है!’ असं ओरडत फिरायचं.

पण मी शिकलो. एक दिवस मास्तर खाली उतरले, आपल्या बैठकीचे पट्टे बांधून टाकले आणि म्हणाले, आता एकटा जा. मी गेलो, एक घेर मारला आणि उतरलो. पुढची बैठक रिकामी असताना विमान किती हलकं होतं आणि आकाश किती मोठं दिसतं हे त्या दिवशी कळलं. त्या रात्री खानावळीत मुलांनी मला खांद्यावर घेतलं. तिथल्या खानसाम्याला, मी अंडंसुद्धा खात नाही म्हणून, माझी नेहमी काळजी वाटायची. त्यानं आपणहून माझ्यासाठी शिरा केला. घरी मी आप्पांना कळवलं, की आता मी एकटा उडतो. आप्पांचं उत्तर आलं, एकट्यानं कशाला, सोबत बघून जात जा.

यानंतर आला लांबच्या फेरीचा धडा. हैदराबादहून निघायचं, बीदरचा किल्ला गाठायचा, त्याला वळसा घालून परत यायचं. एकट्यानं. नकाशा मांडीला बांधायचा आणि होकायंत्र बघायचं. आमच्या होकायंत्रात एक सुई असायची आणि तिच्यावर फिरणारी, रेघा मारलेली काच असायची. सुईचं उत्तरेचं टोक रेघांच्या उत्तरेच्या टोकाशी जुळवायचं. उलट्या टोकाशी जुळवलं तर यंत्र तक्रार करत नाही, तितक्याच खात्रीनं ते तुम्हाला बरोबर उलट्या दिशेला घेऊन जातं. हे मास्तरांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आम्ही ते ऐकणं सोडून दिलं होतं.

उन्हाळा लागला होता. ज्वारीची काढणी झालेली, रानं मोकळी, हवेत धूळ. बीदर मला दिसलंच नाही. धुरकटीतून खाली बघावं तर सगळं एकाच रंगाचं. वेळेचा हिशेब करून मी ठरवलं, की बीदर खाली कुठंतरी असणार. वळसा घातला, परतीची दिशा लावली, आणि काच फिरवताना उलटं टोक जुळवलं. दुपारचा सूर्य डोक्यावर, त्यामुळं त्यालाही काही बोलता आलं नाही. थोड्या वेळानं खाली रेल्वेचे रूळ दिसले. मला इतका आनंद झाला! हे रूळ हैदराबादच्या बाजूला जातात हे नकाशावर स्पष्ट होतं. जातातच ते. पण रूळ दोन्हीकडे जातात.

मी त्या रुळांवरून निवांत निघालो. एक मालगाडी मागं टाकली, तिच्या गार्डनं हात केला, मी हात केला. गाणंही म्हटलं असेन. मग धूळ हळूहळू विरळ झाली आणि समोर एक नदी आली. हैदराबादच्या वाटेवर एवढी नदी नाही. केवढं ते पात्र, वाळूचे पट्टे, एका बाजूनं चकाकणारं पाणी, वर रेल्वेचा पूल, आणि काठावर घाट, घाटावर देवळं. मी नकाशा पाहिला. नकाशात ही नदी नव्हतीच. माझ्या मांडीवरचा नकाशा मागंच कुठंतरी संपला होता.

मी खाली आलो, घाटावरून एक फेरी मारली. बायका धुणं धुवायचं थांबवून वर बघायला लागल्या. आणि मग मला तो घाट ओळखू आला. लहानपणी मी तिथं पाण्यात बुडता बुडता वाचलो होतो. ती गोदावरी होती. गाव गंगाखेड होतं. मी हैदराबादला जात जात घरी आलो होतो.

पेट्रोलचा काटा तळाला गेलेला. सपाट, मोकळी, बिनखड्ड्यांची जागा पाहिजे होती, आणि या टापूत तशी एकच जागा मला पावलापावलानं ठाऊक होती: आमच्या गावचं गायरान. पुढं नदीच्या काठाकाठानं गेलो, देवळाचा कळस दिसला, गुरं पांगावीत म्हणून गायरानावरून एकदा खालून गेलो आणि मग उतरलो. इतकं मऊ मी आधी कधी उतरलो नव्हतो. दुर्दैवानं ते बघायला मास्तर नव्हते.

पंखा थांबला. सगळीकडे शांत. गावाच्या बाजूनं धुळीचा एक लोट निघाला होता. त्यात सगळ्यात पुढं निळा कोट होता.

“माझाच भाचा हाय!” मामा पळत पळत मागच्यांना ओरडून सांगत होते. “माझ्यासाठीच आलाय!”

आप्पा मागून आले, चालत. त्यांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, कापडावर बोटानं टकटक केलं.

“हे कापड हाय?” त्यांनी विचारलं.

“व्हय आप्पा.”

“आन् आत?”

“लाकूड.”

“म्हंजे तुला सरकारनं छत्रीत बसवून पाठवलंय,” आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

आई भाकरी आणि ठेचा घेऊनच आली होती. वर कुणी जेवायला देत नाही ही तिची शंका तिच्या मते आता खरी ठरली होती. मी तिथंच पंखाच्या सावलीत जेवलो आणि अख्खा गाव मला जेवताना बघत बसला.

केंद्राला कळवणं भाग होतं. तारयंत्र गंगाखेडच्या स्टेशनात. मामा म्हणाले, रेल्वेतली तार कशी करायची हे आपल्याला ठाऊक आहे, तू विमानाजवळ थांब. ते पाटलाच्या घोड्यावर बसून गेले. मी सगळा मजकूर नीट सांगितला होता. पण मामांना रेल्वेच्या अपघाताची तारच तेवढी पाठ होती. त्यांनी तिकडं काय पाठवलं ते मला नंतर कळलं. केंद्रात आलेल्या तारेचा अर्थ असा होता: ‘शिकाऊ सोनपेठजवळ रुळावरून घसरला. मार्ग बंद. वाहतूक थांबवावी.’

इकडं आधी आला तो अमीन, म्हणजे आमच्या भागातला पोलीस अंमलदार. घोड्यावरून उतरला, रुमालानं चेहरा पुसला आणि विमानाकडे न बघता मलाच विचारलं, “किसकी इजाजत से उतरे?”

मी म्हणालो, “पेट्रोल की.”

त्यानं ते ऐकून घेतलं. मग त्यानं आपला प्रश्न गावापुढं मांडला. गायरानात बेवारस काही उभं असलं तर कायदा काय सांगतो? पाटील म्हणाला, कोंडवाड्यात घालायचं. “तर मग घाला,” अमीन म्हणाला. बेवारस नाही, मालक सरकार आहे, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, मालक हजर नाही ना? म्हणजे बेवारस. मालक आला की दंड भरून सोडवून नेईल, सगळ्यांच्या म्हशींना लागू तेच याला लागू.

गावकऱ्यांनी विमानाला दोन्हीकडून धरलं आणि ढकलत गावाच्या कडेला कोंडवाड्यापर्यंत नेलं. मी मधे मधे ‘तिथं हात लावू नका, तिथं पाय देऊ नका’ असं ओरडत पळत होतो. कोंडवाड्याचं फाटक एका म्हशीला जेमतेम पुरेल एवढं. पंख अडले. अमीननं लांबून बघितलं, जवळून बघितलं.

“आडवं करून?” त्यानं विचारलं.

“आडवं होत न्हाई, हुजूर,” मी म्हणालो.

“पंख मिटत नाहीत?”

“नाहीत.”

“अजब जानवर है,” अमीन म्हणाला. शेवटी ते कोंडवाड्याच्या बाहेरच बांधून ठेवायचं ठरलं. मामा परत आले होते. त्यांनी बैलाची दावी मागवून, खुंटे ठोकून विमान आपल्या हातानं बांधलं. हे मात्र योग्यच होतं, वाऱ्यामुळं विमान बांधावंच लागतं. मी निर्धास्त होऊन घरी अंघोळीला गेलो.

अंघोळ अर्धी झाली आणि बाहेर गलका ऐकू आला. “नंदी! नंदी!”

आमच्या महादेवाच्या देवळाला सोडलेला एक वळू होता. पांढराशुभ्र, खांदा केवढा तरी मोठा. आमच्या गावात शिवभक्तांचीच घरं जास्त, आमच्या गळ्यातही लिंग. त्यामुळं देवाला सोडलेल्या वळूवर काठी उगारणं कुणाच्या मनातही येत नसे. तो कुणाच्याही रानात शिरायचा, काहीही खायचा, आणि खाऊन झाल्यावर ज्याचं खाल्लं तोच त्याला नमस्कार करायचा. तो आता विमानाच्या शेपटाशी उभा होता. कापड ताणून घट्ट बसावं म्हणून विमानाला एक रोगण लावतात. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. गुरांना त्यात काय गोड लागतं देव जाणे. नंदीनं आधी शेपूट चाटून स्वच्छ केलं होतं, मग सुकाणूचं कापड एका कडेनं धरून खायला सुरुवात केली होती. सुकाणूचा अर्धा भाग नुसता सांगाडा दिसत होता.

मी ओल्या पंच्यानिशी ओरडलो, “हाकला त्याला!”

कुणी हललं नाही. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “खाऊ दे बाबा. इमानाचं पुन्य हाय.”

मी अमीनकडे धावलो. अमीन बाजेवर बसून चहा पीत होता. “आप हिंदुओं का मामला है,” तो म्हणाला, “मैं नहीं पडता.”

शेवटी आईनं पुढं होऊन सरकीच्या पेंडीचं घमेलं नंदीला दाखवलं आणि गोड बोलत देवळाकडे नेलं. जाताना तो तोंडातलं कापड सावकाश चघळत होता.

मामा म्हणाले, घाबरू नको, आत्ता दुरुस्त करतो. त्यांनी शिंप्याकडून मांजरपाटाचा तुकडा आणला आणि तो चिकटवायला ज्वारीच्या पिठाची गरम गरम खळ करून आणली. मी नको नको म्हणत होतो. ‘चुडाव्याला सिग्नलचा झेंडा फाटला की आमी असंच करायचो,’ असं म्हणत त्यांनी ती सुकाणूला थापली. खळीचा वास वाऱ्यानं गावभर गेला. थोड्या वेळानं नंदी परत आला आणि या वेळी तो एकटा नव्हता. गायरानावरची अर्धी गुरं त्याच्या मागं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशात घरघर आली. मास्तर आले होते, दुसऱ्या विमानातून, पुढच्या बैठकीत एका मिस्त्रीला आणि कापडाच्या गुंडाळीला बसवून. त्यांनी वरून आधी रेल्वेचा रूळ तपासला होता म्हणे, मी नेमका कुठं घसरलोय ते बघायला. ते उतरले, चष्मा वर केला, कोंडवाडा बघितला, त्याच्या दारात दाव्यांनी बांधलेलं आपलं विमान बघितलं, सुकाणूचा सांगाडा बघितला. त्यांच्या मिशा थरथरल्या. रागानं की कशानं ते मला कळेना.

“हे कुणी केलं?”

“देवानं सर,” मी म्हणालो. घाईत दुसरं काही सुचलंच नाही.

तेवढ्यात आई पुढं आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मास्तरांना सुनावायला सुरुवात केली. “लेकराला एकट्याला सोडता व्हय? वाट दावायला एक मानूस देता आला न्हाई? आन् खायला काय घालता त्याला? बगा कसा वाळलाय! तुमाला लेकरंबाळं न्हाईत का?”

“काय म्हणतात त्या?” मास्तरांनी मला विचारलं.

“तुमचं स्वागत आहे म्हणते, सर.”

मामांना ही लबाडी सहन झाली नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, “मदर से, यू बॅड मास्टर. नो फूड. नो सिग्नल.”

मास्तरांनी टोपी काढली. आईसमोर ते किंचित वाकले आणि मला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, तिचं म्हणणं बरोबर आहे. आणि याला कुठं जायचं ते मी याला रोज सांगतो, हेही सांग.”

मी सांगितलं. आई म्हणाली, “मग जेवून जा म्हणावं.”

मिस्त्री कापड बसवत होता तोवर मास्तर आमच्या ओसरीवर पाटावर बसून भाकरी, पिठलं आणि ठेचा जेवले. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर त्यांनी तांब्या तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, मिशा ओल्या झाल्या. आप्पा मला हळूच म्हणाले, “बग, मनातून चांगला हाय. तुझ्यासाठी रडायलाय.”

मग मास्तरांनी मला विचारलं, खरं काय झालं. मी सुईचं उलटं टोक, रूळ, नदी, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर गेली.

“त्यात काय आहे?”

“आमचा देव आहे, सर.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “मला वाटलं होकायंत्र असेल आणि तू ते वापरायचं विसरलास.” मग गायरानात जाऊन माझ्या चाकांच्या खुणा ते शेवटपर्यंत चालत पाहून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “उतरलास मात्र चांगला.”

त्यांच्याकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी लागोपाठ तीनदा ‘येस सर’ म्हणालो.

अमीननं दंडाचा विषय काढला. मास्तरांनी त्याला आपल्या विमानात बसवून नदीपर्यंत एक फेरी मारून आणली. उतरल्यावर अमीन पिवळा पडला होता, देवळाच्या पायरीवर बसला आणि त्यानंतर दंडाबद्दल काही बोलला नाही. गंगाखेडहून बैलगाडीनं पेट्रोलचे डबे आले. दुपार टळल्यावर आम्ही निघालो. मास्तर पुढं, मी मागं. मला त्यांची सूचना एकच होती: माझ्या विमानाचं शेपूट तुला दिसत राहिलं पाहिजे. बीदर या वेळी दिसलं. इतका मोठा किल्ला मला आदल्या दिवशी कसा दिसला नव्हता याचं मलाच नवल वाटलं.

शिक्षा झाली. पंधरवडाभर मला रोज सकाळी होकायंत्र हातात घेऊन मैदानात चालावं लागलं, आणि वळताना सुईचं टोक मोठ्यानं सांगावं लागलं. माझ्या नावाऐवजी मुलं मला मामांच्या तारेवरून ‘डिरेल’, म्हणजे रुळावरून घसरलेला, म्हणायला लागली. ते नाव पुढं अंबाल्यापर्यंत माझ्यासोबत गेलं. तिथं मोठ्या विमानांवरचं शिक्षण झालं, माझ्या छातीवर पंख शिवले गेले, आणि पंख शिवले जाईपर्यंत लढाई संपली. त्यामुळं मी कुणावर गोळी झाडली नाही आणि माझ्यावरही कुणी झाडली नाही. पुढं मी टपाल, औषधं आणि फार मोठे साहेब इकडून तिकडं नेत राहिलो.

पंख मिळाल्यावर पहिल्या सुट्टीत येतोय असं मी घरी कळवलं आणि आलो तो रेल्वेनं. गंगाखेडला उतरलो, बैलगाडी केली. गणवेश घातला होता, बूट चमकत होते. गाडी गावाच्या शिवेत आली आणि बघतो तर गायरानावर सगळा गाव जमलेला. झेंडूच्या माळा, हलगीवाले, मामांचा निळा कोट. सगळ्यांच्या माना वर. बैलगाडीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी उतरून मामांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली.

मामांनी वळून बघितलं. मग माझ्या मागं बघितलं, मग पुन्हा वर बघितलं.

“इमान कुठंय?”

“केंद्रात, मामा. सुट्टीला विमान देत न्हाईत.”

हलगी थांबली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, दुःखात ठेवतात तसा. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत सोनपेठभर झालं, की अमक्याच्या पोराची नोकरी गेली, सरकारनं विमान काढून घेतलं, आता बैलगाडीतून फिरायलाय. माझ्या लग्नाचं एक बोलणं देवगाव फाट्याकडच्या घरी चाललं होतं, तेही त्या आठवड्यात थांबलं.

आप्पा मात्र खुशीत होते. दुकानात त्यांनी माझ्यासाठी गादी घालून ठेवली, लोड झटकला आणि मला हाताला धरून बसवलं.

“बस,” ते म्हणाले. “झालं ते झालं. मी कुनाला काई बोलनार न्हाई.”

मी सुट्टी संपेपर्यंत तिथंच बसलो आणि सरकी तोलली.